ब्लासचा घास

नूरियाचं काम म्हटलं तर मजेचं. शहरातल्या हौशी लोकांना बसमध्ये भरायचं, डोंगरातल्या गावांत न्यायचं, तिथलं जेवण जेवू घालायचं आणि परत आणायचं. पण त्याआधी गाव शोधायला, चव बघायला तिला एकटीला हिंडावं लागे. त्या शनिवारी ती व्हॅलेन्सियाहून निघून तेरुएलच्या डोंगरात चढली, ती लेओकादिया नावाच्या म्हातारीच्या हातचे मिगास चाखायला.

मिगास म्हणजे आपल्या फोडणीच्या पोळीचाच भाऊ. शिळ्या पावाचा चुरा, लसूण, चरबी, वर चार द्राक्षं. मेंढपाळांचं जेवण.

गावात आता दोनच धुराड्यांतून धूर निघत होता. भर दुपार, पण धुकं असं उतरलं होतं की चर्चचा मनोरा अर्धाच दिसे. नूरियाचं अर्धं लक्ष घड्याळाकडे होतं. तिची सहा वर्षांची लेक हिमेना आजीपाशी होती. गेले कित्येक रविवार नूरिया घरी जेवायला नव्हती, आणि काल फोनवर पोरीने स्पष्ट सांगितलं होतं, "या रविवारी नाही आलीस, तर मी जेवणारच नाही."

लेओकादियाने चुलीवरची कढई उतरवून तिवईवर ठेवली. तिचा नवरा फेर्मिन काठी टेकत आला. ताटं नाहीत, खुर्च्या नाहीत.

"इथे उभ्यानंच जेवतात, पोरी," म्हातारी म्हणाली. "एक घास घ्यायचा, एक पाऊल मागे सरायचं. मग दुसऱ्यानं यायचं. शहरात हे कोण शिकवणार तुम्हाला."

"मावशी, माझे पाहुणे तर खूश होतील यावर," नूरिया हसली.

आधी फेर्मिनने घास घेतला आणि तो मागे सरला. मग क्षणभर कोणीच हललं नाही. मग लेओकादिया, मग नूरिया. चव अशी की बोलायचं नाव नको. पुन्हा फेर्मिन. पुन्हा तेच थांबणं. म्हातारी माणसं, नूरियाला वाटलं, हळूहळूच चालायचं सगळं. खिडकीबाहेर धुकं दाटत होतं, घाटाचा रस्ता डोळ्यांपुढे येत होता. तिसऱ्या खेपेला फेर्मिन मागे सरताच तिने सरळ चमचा घातला.

फेर्मिनचं चघळणं थांबलं.

"तो ब्लासचा घास होता," लेओकादिया हळूच म्हणाली.

"ब्लास कोण...?"

"मुलगा आमचा. बर्फात चुकलेली मेंढी बघायला गेला. कढई अशीच चुलीवर होती. येतो म्हणाला." तिने पदर असल्यासारखा एप्रन तोंडाला लावला. "त्याचा घास ठेवला की तो गप्प असतो."

नूरिया शरमली. चुकले, मावशी, म्हणाली.

"चुकलीस तर निस्तर," फेर्मिन कढईकडे बघत म्हणाला. "आता तुझे घास त्याला सोड. कढई संपेपर्यंत इथेच उभी राहा. भुकेलं माणूस मागे लागतं."

थांबायला काय हरकत होती? पण त्या दोघांचं जेवण म्हणजे गोगलगायीची चाल. अंधार पडला तर घाट कसा उतरायचा, आणि उद्या पोर उपाशी बसायची. नूरियाने म्हातारीच्या गालांचे मुके घेतले आणि ती निघाली. दारातून तिने वळून पाहिलं. दोघं तशीच उभी होती, चमचे खाली धरून.

गाडीत लसणाचा वास भरला होता. कपड्यांना लागला असेल. पण घाट उतरता उतरता दुसराही वास यायला लागला, ओल्या लोकरीचा. तिने काचा खाली केल्या. मागच्या सीटकडे मात्र तिने एकदाही पाहिलं नाही. का, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

रविवारी आईच्या घरी लख्ख ऊन होतं. अंगणापलीकडे संत्र्यांची बाग. आईने, म्हणजे हिमेनाच्या विसेंताआजीने, पाएयाची, केशरी भाताची, पसरट कढई टेबलाच्या मध्यभागी ठेवली. या घरी प्रत्येकाने कढईतला आपल्यासमोरचा भाग खायचा, दुसऱ्याच्या हद्दीत चमचा घालायचा नाही. नूरियाला हायसं वाटलं. इथे कोणाची वाट बघणं नाही, मागे सरणं नाही. रात्रभर न लागलेला डोळा आता मिटेल असं तिला वाटलं.

हिमेनाने एक घास खाल्ला. मग ती खुर्चीवरून उतरली आणि एक पाऊल मागे सरकून उभी राहिली.

"बस की गं नीट," आजी म्हणाली. "पायाखाली उंदीर आलाय का?"

"थांब ना, आजी. आता त्याचा घास आहे."

नूरियाने यातलं अवाक्षर घरी सांगितलं नव्हतं. "कोणाचा गं...?"

"तुझ्या गाडीत मागे बसून आला ना, त्याचा."

हिमेनाच्या समोरच्या भातात चमचाभर खळगा पडला. त्या बाजूला कोणीच नव्हतं. पोर पुढे आली, तिने शहाण्यासारखा एक घास घेतला आणि दोन पावलं मागे गेली. तिच्या पाठीशी अंगणाचं दार सताड उघडं होतं.

नूरियाने आपला चमचा टाकला. "माझा घे," ती रिकाम्या बाजूकडे बघून पुटपुटली. "सगळा वाटा घे माझा... तिला सोड."

तिच्या समोरच्या भाताचं एक शीतही हललं नाही. खळगा पडला तो पुन्हा पोरीच्याच भातात. हिमेना अजून थोडी मागे सरली. तिची टाच उंबऱ्याला लागली.

नूरियाने धावत जाऊन तिला उचललं, छातीशी घट्ट धरलं. पोरीचे बूट तिच्या पोटाला गार लागले. टाचांना चिकटलेलं बर्फ वितळून तिच्या कपड्यांत उतरत होतं.

"सोड ना, आई," हिमेना तिच्या कानाशी म्हणाली. "कढई अजून संपली नाही."