झाडामागं दोन मिनिटं

"मेलेल्या झाडाला आनि कशाला मारताय, मॅडम?"

माधवीच्या हातातली कुऱ्हाड खोडातच अडकली. कळस गावच्या या बागेत सगळी डाळिंबं वाळून खराटा झालेली. इथं कुणी येईल असं तिला वाटलंच नव्हतं. मागं एक सावळा तरणा उभा... कमरेला कात्री, ओठांत दाबलेलं हसू.

"मारत न्हाय. कशानं मेलं ते बघतीय." तिनं खोडाची ढलपी पुढं धरली. आत काळपट रेघा. "मर रोग. बाहेरनं आलेली बुरशी हाय. बारामतीला प्रयोगशाळेत मी तिचा डीएनए तपासते. कुठनं कुठं गेली ते कळतं."

"त्याला तपासायचं काय? अख्खा तालुका सांगतोय, धम्मदीपच्या टोळीनं पसरवली." तो हसला, पण डोळे हसले नाहीत. "मीच धम्मदीप."

नाव तिनं ऐकलं होतं. तिच्याच घरात. डाळजचे रामहरीतात्या म्हणजे तिचे वडील, आणि तेच सगळ्यांत मोठ्यानं म्हणायचे, "ती टोळी छाटणीला आली की बाग गेलीच." हंगामभर धम्मदीपची बारा माणसं घरी बसून होती. टोळी बौद्ध वस्तीतली. बोट दाखवायला याहून सोपी जागा गावाला कुठं मिळणार?

"कात्री द्या," ती म्हणाली. पातं कापसानं पुसून तिनं कापूस नळीत भरला.

"आमचा बी डीएनए?"

"तुमचा न्हाय, कात्रीचा."

"माझा घ्या की... मी कुठं न्हाय म्हनतोय?"

माधवीनं नळीचं झाकण जरा जास्तच घट्ट लावलं. "इथून पुढं एक झाड झालं की कात्री जंतुनाशकाच्या बादलीत. दोन मिनिटं. मगच दुसरं झाड."

धम्मदीपच्या आत्याची, साखरबाईची, बाग तेवढी त्याच्या हातात उरली होती. नमुने घ्यायच्या निमित्तानं माधवी तिथं जाऊ लागली. एक झाड व्हायचं, कात्री बादलीत पडायची, आणि दोघं बांधावर टेकायची. दोन मिनिटांत काय बोलून होतं? काहीच नाही. म्हणून तर पुढच्या झाडाची वाट बघावी लागायची.

"तुमाला राग येत न्हाय का, लोकं एवढं बोलतात त्याचा?"

"येतो ना. पन आत्ता..." त्यानं तिच्याकडं पाहिलं, मग बादलीकडं. "झाली दोन मिनिटं."

"अरं, कात्री भिजतीय का तुमी दोघं?" साखरबाई लांबून ओरडायची.

महिन्यानं निकाल आला आणि माधवी खुर्चीतच बसून राहिली. बत्तीस बागांत बुरशी एकाच वाणाची. एका बागेत मात्र चार वाण, त्यातलाच एक त्या बत्तीस बागांत पोचलेला. बुरशी जिथं जास्त वर्षं मुरते तिथं तिचे प्रकार वाढतात. ती बाग तिच्या वडलांची होती.

तात्यांनी आठ वर्षांपूर्वी लांबून रोपं आणली होती. झाडांना फळ असं लगडलं की येईल त्या पाहुण्याला ते हौसेनं कलम बांधून द्यायचे. बुरशीचा नकाशा म्हणजे घरच्या सोयऱ्याधायऱ्यांची यादीच!

तिनं धम्मदीपला सांगितलं. त्यानं हातातली कात्री बादलीत सोडली. मग म्हणाला, "नका बोलू. बाप हाय तुमचा."

"आनि तुमची बारा मानसं? ती कुनाची न्हाईत?"

डाळिंबवाल्यांच्या बैठकीत ती उभी राहिली. "धम्मदीपच्या कात्रीवर बुरशी सापडली, ते मी लपवनार न्हाय. या झाडावरनं त्या झाडावर कात्रीनं नेली. पन गावोगाव नेली ती आपल्या कलमांनी, तात्या."

तात्या उठून गेले. चार दिवस लेकीशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी त्यांनीच धम्मदीपला फोन लावला. "रोग लागलेली जुनी झाडं काढायचीत. बाकीची बाग छाटायची. टोळी घिऊन ये."

माफी त्यांनी मागितली नाही. असली माणसं मागत नाहीत. पण चहा स्वतः आणून दिला, घरातल्याच कपात. याला कुणी मोठेपणा म्हणू नये. उशीर म्हणावा.

पहिलं झाड छाटून झालं. कात्री बादलीत पडली. फडकं काढायला माधवीनं धम्मदीपच्या पिशवीत हात घातला, आणि हाताला थंड लोखंड लागलं.

"ही काय?"

"...कात्री."

"दुसरी? मग एक भिजत ठिवून दुसरीनं छाटता आलं असतं की! थांबायची गरजच न्हवती."

"न्हवती." त्याचे कान लाल झाले.

"कधीपासनं हाय ही पिशवीत?"

"पहिल्या झाडापासनं."

माधवी त्याच्याकडं बघतच राहिली. मग तिनं ती कात्री हळूच पिशवीत परत ठेवली आणि वरून बंद आवळून गाठ मारली.

"किती झाडं हाईत बागेत?" त्यानं चाचरत विचारलं.

"चारशे."

तो उठायला लागला, तसं तिनं त्याचं मनगट धरलं.

"बस रे," ती म्हणाली. तुमी गेलं, तू आलं, तिचं तिलाही कळलं नाही. "दोन मिनिटं झाली न्हाईत अजून."