गाडी आली का?

गोष्ट सुरू होते ती बटाट्यांपासून. त्या दुपारी कंडक्टर बाजारात गेला होता तो थोडे बटाटे, मीठ आणि काडेपेटी आणायला. यात सांगण्यासारखं काय, असं तुम्ही म्हणाल. पण ज्याने कित्येक वर्षं बसस्टँडच्या बाकावर काढली, ज्याच्याकडे बटाटे ठेवायला टोपली नव्हती की उकडायला पातेलं नव्हतं, त्याला विचारा. हातातली पिशवी अशी मिरवत चालला होता, जणू लेकीच्या लग्नाची खरेदी करून आलाय.

त्याला बेघरांच्या निवाऱ्यात सगळे कंडक्टरच म्हणत. अर्धं आयुष्य त्याने बसमध्ये तिकिटं फाडली. मग बायको गेली. मग बाटली आली, आणि बाटलीपाठोपाठ नोकरी गेली, भाड्याची खोलीही गेली. ज्या स्टँडवरून त्याची गाडी सुटायची, त्याच स्टँडवर तो निजू लागला. तापाने फणफणलेला असताना निवारा चालवणाऱ्या ताईंनी त्याला तिथून उचलून आणलं, तेव्हापासून तो इथे होता. दारू सुटली होती, अंग भरलं होतं. गाड्या लावायच्या एका आवारात पावत्या फाडायचं कामही मिळालं होतं, सकाळच्या पाळीचं.

निवारा म्हणजे पूर्वीचा विणकामाचा कारखाना. खाली लांबलचक हॉल, त्यात ओळीने खाटा. मागे स्वयंपाकघर. आणि वर, लोखंडी जिन्याच्या टोकाला, एकुलती एक खोली. तिला ‘सरावाची खोली’ म्हणत. स्वतःचं घर मिळण्याआधी माणसाने काही आठवडे तिथे एकट्याने राहायचं. आपलं आपण रांधायचं, दार लावायचं, वेळेवर उठून कामाला जायचं. जमलं तर घर. नाही जमलं तर परत हॉल.

कंडक्टरच्या आधीचे दोघे परत हॉलमध्ये आले होते. एक नुसतं म्हणाला, “करमत नाही वर.” दुसऱ्याने ‘आवाज येतात’ असं डॉक्टरांना सांगून टाकलं. त्याचं घर लांबणीवर पडलं, गोळ्या तेवढ्या वाढल्या.

कंडक्टरला वर गेल्यावर पहिली भीती वाटली ती शांततेची. स्टँडवर गाड्यांची घरघर असायची, हॉलमध्ये घोरण्याची. इथे दार लावलं की छाती दडपायची. आणि मग दुपारी, पाळी संपवून तो जरा लवंडला, की वास यायचा. ओल्या कापडावर गरम इस्त्री फिरवली की उठतो ना, तसा वाफेचा वास. खोलीत इस्त्री नव्हती. त्याने पलंगाखाली वाकून पाहिलं, खिडकीतून डोकावलं. खाली मोकळं अंगण, ऊन, आणि एक झोपलेलं कुत्रं.

वासापाठोपाठ आवाज. कुणीतरी बॅगेची चेन लावायचं... थांबायचं... पुन्हा उघडायचं. आत काहीतरी चाचपायचं. पुन्हा लावायचं. उंदीर असतील, असं तो स्वतःला बजावत राहिला. चेन लावणारे उंदीर त्याने आजवर पाहिले नव्हते, पण माणूस मनाची समजूत घालायला बसला की त्याला काहीही चालतं.

तर त्या दुपारी तो बटाटे घेऊन जिना चढला. उन्हाने कठडा चटका देत होता. कुलपात किल्ली घातली, फिरवायच्या बेतात होता, एवढ्यात दाराच्या आतून, अगदी फळीला तोंड लावून बोलावं तसं, कुणीतरी हळूच विचारलं,

“गाडी आली का?”

आवाज बाईचा होता. थकलेला, पण अजिबात रागावलेला नाही. सवयीने रोज विचारावं तसा.

कंडक्टरच्या हातून पिशवी सुटली. बटाटे लोखंडी पायऱ्यांवरून टणटणत खाली गेले आणि त्यांच्या मागोमाग तोही, कठडा धरत, कसाबसा.

खाली ताई उभ्या. “काय हो काका, बटाट्यांची शर्यत लावलीत की काय?”

“हात... हात निसटला.”

ताईंनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. “घाम आलाय तुम्हाला. झोप लागते ना वर? काही त्रास?”

ओठांवर आलेलं त्याने गिळलं. घर आता हाताच्या अंतरावर होतं. “छे हो, ताई. झकास चाललंय.”

ताई आत गेल्या. बटाटे गोळा करायला स्वयंपाकघरातली मावशी आली. कारखान्याचा निवारा झाला तेव्हापासून इथे भाकऱ्या थापणारी बाई. तिने एक बटाटा पदराला पुसला आणि खालच्या आवाजात म्हणाली,

“विचारलं ना तिनं?”

कंडक्टर मटकन पायरीवर बसला.

“इस्त्री करायची ती,” मावशी शेजारी टेकत म्हणाली. “दिराने घराबाहेर काढली, मग पुलाखाली राहिली. इथे आली तेव्हा शब्द बोलत नव्हती. वरच्या खोलीत राहिली, शिकली सगळं, हसायला लागली. घरही मिळालं. जायच्या दिवशी सकाळपासून बॅग भरून पलंगावर बसलेली. जरा वेळ झाला की जिन्यात येऊन मला विचारायची, गाडी आली का? न्यायला येणारी निवाऱ्याची गाडी वाटेत बंद पडली होती. यायला दुपार झाली. मी सांगायला वर गेले, तर...” मावशीने हातातला बटाटा पिशवीत टाकला. “बसलेलीच होती. बॅग मांडीवर. चेहरा असा, की आता उठेल.”

“कुणाला सांगितलं नाहीस?”

“काय सांगू? मला वेड्यात काढतील. आणि ती कुणाचं काय वाईट करते रे? विचारते फक्त.”

मावशी पिशवी त्याच्या हातात देऊन आत गेली. कंडक्टरची भीती गेली नव्हती. पण त्याला एक जुनी गोष्ट छळू लागली. शेवटच्या थांब्यावर गाडी रिकामी झाली की कंडक्टरने मागपर्यंत जाऊन पाहायचं असतं, कुणी झोपून राहिलंय का. त्याने दारू प्यायला लागल्यावरही ते कधी चुकवलं नव्हतं. आणि इथे एक प्रवासी बाई बॅग घेऊन बसली होती, आणि तिला कुणी उत्तरच देत नव्हतं. जो तो पळत होता.

तो उठला. पिशवी घेऊन पुन्हा जिना चढला. दारापाशी जाऊन त्याने किल्ली फिरवली. आतून तोच आवाज, “गाडी आली का?”

“अजून नाही, बाई,” तो म्हणाला. “आली की मी सांगतो. तुम्ही बसा.”

त्याने दार ढकललं. आत काहीच हललं नाही. मग पलंगाच्या कडेवरची चादर हळूहळू खाली दबली, कुणी निवांत टेकावं तशी.

कंडक्टरने भिंतीला पाठ लावून बटाटे चिरले. फोडी वेड्यावाकड्या झाल्या. पण चिरले.

त्या दिवसापासून तो रोज दुपारी उत्तर देऊ लागला. “अजून नाही, बाई.” मग बाकीचंही बोलू लागला. आज आवारात एकाने पावती हरवून केवढा तमाशा केला, भात कसा खाली लागला. अंगावर काटा यायचा, रोज यायचा. पण दार लावल्यावर छाती दडपणं थांबलं. शांतता आता रिकामी नव्हती. त्याला गाढ झोप लागू लागली. डॉक्टरांनी तपासलं, ताईंनी पाठीवर हात ठेवला आणि सांगितलं, “काका, तुमचं घर तयार आहे.”

जायच्या दिवशी निवाऱ्याची गाडी वेळेवर आली. खालून हॉर्न वाजला. कंडक्टरने आपली वळकटी खांद्यावर घेतली, उंबऱ्यात उभा राहिला आणि मागे वळला. खोलीत इस्त्रीचा वास भरून राहिला होता.

“चला बाई,” तो म्हणाला. जुना, स्टँडवरचा आवाज आपोआप आला. “गाडी आलीय. जागा आहे. सावकाश उतरा.”

दबलेली चादर वर आली. एक ऊबदार वाफ त्याच्या दंडाला घासून जिन्याकडे गेली.

गाडीत ताई पुढे, ड्रायव्हरशेजारी बसल्या. कंडक्टर मागे, खिडकीला चिकटून. वळकटीही त्याने पायाशीच ठेवली, शेजारी ठेवू दिली नाही. बाजार गेला, पूल गेला. एका अरुंद गल्लीच्या तोंडाशी वास एकाएकी इतका दाट झाला की त्याला ठसका लागला. आणि खांद्याला कुणीतरी हलकेच बोट लावलं, उतरणारे प्रवासी लावतात तसं.

थांबायची घंटी द्यावी तसं त्याने आतून टपावर एकदा टकटक केलं. ड्रायव्हरने का कोण जाणे, गाडी थांबवली.

“इथे कशाला?” ताईंनी विचारलं. मग गल्लीकडे बघत स्वतःशीच म्हणाल्या, “हीच ती... आपल्या एका बाईला इथेच घर मिळालं होतं. बिचारी पोहोचलीच नाही.”

कंडक्टर खिडकीतून गल्लीकडे बघत राहिला. वास विरेपर्यंत थांबला. मग त्याने दोनदा टकटक केलं आणि गाडी निघाली.

नवं घर म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची एक खोली आणि ओटा. पण किल्ली त्याची, नळ त्याचा. शेजारची म्हातारी पहिल्याच आठवड्यात भांडली आणि दुसऱ्या आठवड्यात लोणचं देऊन गेली. कामावर त्याला बढती मिळाली. दुपारी कसलाही वास यायचा नाही. निवाऱ्यातल्या वरच्या खोलीत आता एक नवी बाई राहायला गेली होती आणि तिथे छान झोपत होती, असं मावशीने कळवलं. कंडक्टरचा जीव भांड्यात पडला.

थंडी सरता सरता ताई आणि ड्रायव्हर त्याला भेटायला आले. चहा झाला. ताईंनी खोलीभर नजर फिरवली आणि त्यांचे डोळे भरून आले. “काका, तुम्ही जिंकलात,” म्हणाल्या आणि डोळे टिपत जिना उतरू लागल्या. ड्रायव्हर मात्र चपला घालत दारात रेंगाळला.

“तुमचा पाहुणा अजून इथेच असतो का?”

“कोण पाहुणा?”

“त्या दिवशी आला ना तुमच्याबरोबर. मागे तिघे होतात की तुम्ही. बाई गल्लीत उतरल्या, तेव्हा ते गृहस्थ जरा सरकून बसले. मग इथे तुमच्या मागोमाग जिना चढले.” त्याने आवाज उतरवला. “फार थकलेले दिसले म्हणून विचारलं. नातेवाईक का?”

खालून ताईंनी हाक मारली. ड्रायव्हर गेला.

कंडक्टरने दार लावलं. ओट्यापाशी येऊन नळ सोडला आणि पेले विसळू लागला, खोलीकडे पाठ करून. त्या दिवशी दारातून तो ‘जागा आहे’ म्हणाला होता; ते बाईशिवाय आणखी कुणीतरी ऐकलं होतं. वळून पाहायचा धीर होईना. पण घर सोडून पळावं असंही त्याच्या मनात आलं नाही. घर त्याचं होतं.

शेवटचा पेला पालथा घालून त्याने नळ बंद केला. मागे पलंग करकरला. कुणीतरी जरासं सरकून, त्याला बसायला जागा केली होती.