आत्याला वाचून दाखवताना

आत्याच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि पट्ट्या निघेपर्यंत तिला वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. आईच्या माघारी मला वाढवलं ते तिनेच. तिला नाही कशी म्हणणार? पण बाईसाहेबांची आवड म्हणजे खुनी माणसं. एकामागून एक खून करणाऱ्यांच्या मनात काय चालतं, असली पुस्तकं ती शेंगदाण्यांसारखी फस्त करायची.

"एखादी प्रेमकथा वाचू का?"

"नको गं बाई. शेवटी लग्नच होतं त्यात. त्यापेक्षा खून बरा."

त्या दुपारी बाहेर दाट धुकं होतं. खोलीत औषधाचा उग्र वास, मोरीत नळाची टिपटिप. पुस्तकातल्या खुन्याला लहानपणी आई मारायची, म्हणून तो असा झाला, असं लेखकाचं म्हणणं. मी पान उलटलं.

"ते मघाचं वाक्य परत वाच," आत्या म्हणाली.

"कुठलं?"

"'आई मारत नव्हती. ती नुसती दार लावून निघून जायची.' किती हळू वाचलंस ते. पोटात तुटलं माझ्या."

असं वाक्य पुस्तकात नव्हतंच. मी मागचं पान पाहिलं, पुढचं पाहिलं. पण डोळे बांधलेल्या माणसाला सांगणार काय?

"घसा बसलाय गं माझा. उद्या वाचू."

तिने चाचपडत माझा हात घट्ट धरला. "ते वाचणारी... तू नव्हतीस ना?"

आत्याने तोंड पलंगाच्या पायथ्याकडे वळवलं. मी शाळेतून रडत आले की ती ज्या आवाजात समजूत घालायची, त्याच आवाजात म्हणाली, "फार वेळ एकटा असायचास का रे, बाळा?"

टिपटिप थांबली. कुणीतरी लांब श्वास सोडला... आम्हा दोघींपैकी कुणीच नाही.

पुस्तक मी संध्याकाळीच ग्रंथालयात परत केलं. पुढे विनोदी कथा वाचल्या. आत्या डोळ्यांना ताण पडेल इतकी हसायची, मी दटावायचे. घर शांत होतं. वाटलं, संपलं.

पट्ट्या निघाल्या त्या सकाळी आत्याने डोळे किलकिले करून मला न्याहाळलं, गालावरून हात फिरवला. "वाळलीस गं," म्हणाली.

मग माझ्या खांद्यामागे बघून मायेने हसली.

"अरे, उभा का तू? बस ना."