टाक्यातली वाम

"अहो नर्सबाई! टाक्यातलं पाणी आहे ते, तुमच्या गावची नदी नाही!"

तिहाना दचकली. हातातली बादली कलंडली आणि उरलंसुरलं पाणीही अंगणातल्या फरशीवर सांडलं. समोरच्या दगडी जिन्यावर एक उंच तरुण जाळं शिवत बसला होता. कधीपासून बसला होता कोण जाणे... शोल्ता बेटावरची माणसं अशीच. पावलं न वाजवता यायची, खिडक्यांच्या फटींतून बघत राहायची.

"पाय धुत होते," ती म्हणाली. "इथे पाय धुणंही गुन्हा आहे का?"

"धुवा की! एवढा समुद्र पसरलाय. हे पाणी आभाळातून पडतं, छपरावरून उतरतं आणि पुढच्या पावसापर्यंत पुरवावं लागतं." त्याने दाताने दोरा तोडला. "तुमच्याकडे काय, जरा उकरलं की पाणी. तरीच तिथे माणसं चिखलात उगवतात म्हणे."

"आणि तुमच्याकडे दगडात. तरीच डोकी अशी!"

तो खो खो हसला. हसताना त्याचे डोळे बारीक झाले आणि तिहानाला उगाचच आपल्या ओल्या पायांची लाज वाटली. हा येर्को, घरमालकीण पेरिना आत्याचा भाचा. सार्डिन मासळीच्या बोटीवरून त्याच दुपारी परतला होता.

तिहाना स्लावोनियाची, द्रावा नदीकाठच्या गावातली. तिथे नजर जाईल तिथवर मका, आणि घराची दारं सताड उघडी. पाहुणा आला की त्याला जागचं उठवेनासं होईपर्यंत वाढायचं. इथल्या दवाखान्यात तिची नेमणूक ईस्टरपर्यंतची. आली आणि तिला वाटलं, या गावात कुणी राहतं की नाही? अर्ध्या घरांतली माणसं अमेरिकेला गेलेली. पण त्या कुलूपबंद घरांतून कधीकधी भांडी वाजायची. विचारलं की लोक म्हणत, "वारा." वारा पडलेला असला तरी म्हणत, "वारा."

येर्को मात्र बोलका निघाला. तिच्या दारात रोज काही ना काही ठेवलेलं असे. कधी ताजे मासे, कधी मूठभर बदाम, एकदा तर नुसतीच रोझमेरीची काडी.

"ही काडी कशाला?" तिने विचारलं.

"काडी? मी नाही ठेवली."

"मग कान का लाल झाले?"

"ऊन लागलं असेल..." तो म्हणाला. त्या दिवशी तर ऊनच नव्हतं!

आपणही याला काहीतरी करून घालावं असं तिहानाच्या मनात घोळू लागलं. रिकाम्या हाताने घेत राहणं तिच्या रक्तात नव्हतं. आणि मग यूगो सुटला. यूगो म्हणजे दक्षिणेचा वारा. तो सुटला की भिंतींना घाम फुटतो, मीठ ओलं होतं, माणसं एकमेकांवर खेकसतात. अशाच एका करड्या संध्याकाळी तिने टाक्यात बादली सोडली आणि वर ओढली तेव्हा ती नेहमीपेक्षा जड लागली. पाण्यात एक काळी, जाडजूड वाम वेटोळं घालून बसली होती. अगदी शांत. डोकं वर करून तिच्याकडे बघत.

तिहानाला आनंद झाला! गावी अशी वाम गळाला लागली की सणच. तिने ती साफ केली, आईने दिलेली लाल मिरचीची पूड सढळ हाताने घातली, कालवण रटरटू दिलं आणि येर्कोला हाक मारली. दोघं एकाच ताटलीत पाव बुडवून खात होती. त्याच्या हनुवटीवरचा लाल ओघळ तिने बोटाने पुसला... आणि बोट तिथेच राहिलं.

तेवढ्यात पेरिना आत्या चर्चमधून परतली. तिने भांड्यात पाहिलं.

"वाम कुठून आणलीस गं?"

"आणली कुठे, आत्या? तुमच्याच टाक्यातून निघाली."

म्हातारीने छातीवर क्रूस काढला. "अगं पोरी, काय केलंस हे! ती का खायची असते? पाण्यातले किडे खाते, पाणी जिवंत ठेवते. माझ्या बापाने सोडली होती ती. ती होती म्हणून हे घर उभं होतं."

तिहानाने हातातला पाव खाली ठेवला. "मला कसं कळणार? आमच्याकडे विहिरीत कुणी मासा पाळत नाही..."

"आता कळून काय उपयोग! घरची वाम ज्याच्या पोटात जाते, त्याला घरचं पाणी सोडत नाही. कुठेही जा, ओढून आणतं."

तिहाना हसायला गेली, पण येर्कोचा चेहरा पाहून तिचं हसू विरलं. त्याचा रंगच उडाला होता. तो आत्याकडे बघत नव्हता, भांड्याकडेही नाही. त्याचे डोळे अंगणातल्या टाक्याच्या झाकणावर खिळले होते.

त्यानंतर तिहानाचं काहीतरी बिनसलं. दुपारी गाव झोपलेलं असताना ती भानावर यायची ती थेट टाक्याशी. झाकण उघडलेलं, बाही कोपरापर्यंत ओली, आणि खोलीतून इथवर चालत आल्याची आठवणच नाही. पाऊस येणार असला की आदल्या दिवशी तिच्या जिभेवर त्याची चव यायची. गावाकडच्या विहिरीच्या पाण्याची चव आठवायला गेली तर आठवेना. आणि यूगो वाहू लागला की झाकणाखाली कुणीतरी हलके ठोठावायचं.

"वारा," आत्या म्हणायची.

येर्को रोज भेटत होता. दोघं समुद्रकाठाने फिरायची, ती त्याला डुकराच्या सॉसेजच्या आणि तीन-तीन दिवस चालणाऱ्या लग्नांच्या गोष्टी सांगायची. तो ऐकता ऐकता मध्येच विचारायचा.

"तीन दिवस नाचता? पाय दुखत नाहीत?"

"तू ये, मग कळेल."

"मी आलो, तर तुझी आई मला काय म्हणेल?"

"आधी जेवायला वाढेल. बाकीचं नंतर." तिने धीर केला. "येर्को... तुला मला काही सांगायचंय ना?"

तो थांबला. त्याचा हात तिच्या हाताच्या इतका जवळ होता की ऊब जाणवत होती. "सांगायचंय. पण आज नको. यूगो वाहतोय. यूगोत दिलेला शब्द आमच्याकडे कुणी धरत नाही."

तिहानाला रडू आलं. तिचा जीव त्याच्यावर जडला होता, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण तो जीव तिचाच होता का? की पोटातली ती वाम तिला या घराकडे, या अंगणाकडे, या माणसाकडे खेचत होती? हे कळल्याशिवाय ती त्याला हो म्हणू शकत नव्हती. आणि ईस्टर तर तोंडावर आला होता.

जायच्या दिवशी बोरा सुटला, उत्तरेचा कोरडा, लख्ख वारा. पलीकडच्या डोंगरांवरचा दगड न् दगड दिसत होता. येर्को तिची पेटी घेऊन धक्क्यावर आला. नजर मात्र वर करीना.

"आज यूगो नाही," ती म्हणाली.

"नाही. म्हणूनच सांगतो." त्याने पेटी खाली ठेवली. "तू खाल्लीस ती आमची वाम नव्हतीच. आमची गेल्या द्राक्षतोडणीच्या वेळीच मेली होती. मीच पुरली, अंजिराच्या झाडाखाली. आत्या हाय खाईल म्हणून बोललो नाही. दुसरी आणून गुपचूप सोडणार होतो, ते राहूनच गेलं. टाकं रिकामं होतं, तिहाना."

वाऱ्याने तिचे केस तोंडावर आले, तरी ती बाजूला करायचं विसरली. "मग माझ्या बादलीत काय आलं होतं?"

"माहीत नाही."

"आपण दोघांनी काय खाल्लं, येर्को?"

"खरंच माहीत नाही गं."

"आणि हे आज सांगतोस? इतके दिवस मी वेड्यासारखी..."

"वाटलं, तू राहशील. भिऊन का होईना, राहशील!" त्याचा आवाज फुटला. "मग तू टाक्याशी उभी दिसायचीस आणि माझी मलाच शरम वाटायची. अशी नकोस मला. आत्या म्हणते ती आमची वाम तुझ्या पोटात गेलीच नाही. तू कशालाच बांधलेली नाहीस. जा."

ती रागाने बोटीत चढली. मागे वळून पाहिलं नाही.

पलीकडच्या किनाऱ्यावर, स्प्लिटला उतरल्यावर बंदरातल्या नळाला तोंड लावून ती पोटभर पाणी प्यायली आणि वाट बघत उभी राहिली. आता ओढेल. आता पाय वळतील. काहीच झालं नाही. उलट गावाकडच्या विहिरीचं ते गार, लोखंडी चवीचं पाणी तिला लख्ख आठवलं. घरी जाणारी बस समोर उभी होती. ड्रायव्हर हाका मारत होता. आज पहिल्यांदाच तिला कुणी खेचत नव्हतं, आणि तरीही तिला येर्कोच हवा होता. त्याचे लाल झालेले कान, त्याचं ते सगळं फुकट घालवणारं खरं बोलणं. हे सगळं तिचं स्वतःचं होतं. बस गेली तेव्हा तिला हायसं वाटलं.

मासळीबाजारात एक बाई नेरेत्वा नदीच्या जिवंत वामा विकत होती.

"कालवणाला हवी का गं? साफ करून देऊ?"

"नको, मावशी. जिवंतच द्या. घरी न्यायचीय."

संध्याकाळच्या बोटीने ती परतली तेव्हा येर्को अंगणात टाक्याच्या कठड्यावर बसला होता. तिला पाहून तो उठला, पण पुढे यायचं त्याला सुचेना. जवळ येऊन तिने हातातलं झाकणाचं भांडं त्याच्यापुढे धरलं. आतली वाम सळसळली.

"किती वर्षं जगते ही?"

"नीट सांभाळली तर... चाळीसेक."

"मग तेवढी वर्षं मला इथेच राहावं लागणार. माझी वाम मी तुझ्या भरवशावर टाकून जायची नाही. ती मेली तरी तू सांगत नाहीस!"

येर्कोने भांड्याचं झाकण उचलून आत पाहिलं. मग तो हसला, आणि हसता हसताच त्याचे डोळे भरून आले. "लग्नात तीन दिवस नाचावं लागेल ना?"

"लागेल."

"नाचेन. पाय तुटेस्तोवर नाचेन."

त्याने तिचा हात धरला. दोघांनी मिळून टाक्याचं झाकण सरकवलं आणि भांडं कलतं केलं. वाम सुळकन पाण्यात शिरली. पाणी हललं, स्थिर झालं... आणि मग खाली, अगदी तळाशी, दुसरंच काहीतरी सावकाश कूस बदलून वळल्याचा आवाज आला.

"ऐकलंस?" येर्को कुजबुजला.

"ऐकलं."

"भीती वाटते?"

"वाटते ना," ती म्हणाली आणि त्याला अधिकच बिलगली. "झाकण लाव. पण हात सोडू नकोस."

ते झाकण जड होतं, दोन हातांशिवाय न हलणारं. येर्कोने ते एकाच हाताने, पाय रोवून, इंच इंच ओढत लावलं. बराच वेळ लागला.