‘थांब’ कुणीही म्हणावं

निमित्त तसं साधंच होतं. बाबांनी जीपला नव्या, उंच स्प्रिंगा बसवल्या होत्या आणि त्या खडकावर चालवून पाहिल्याशिवाय त्यांना घास गोड लागणार नव्हता. म्हणून दुपारी आम्ही तिघं निघालो. स्टिअरिंगवर मी, शेजारी माझा नवरा, आणि मागे अखंड सूचना देणारे बाबा.

खडकावर गाडी चढवताना चालवणाऱ्याला चाकाखालचं काही दिसत नाही. एकजण पुढे उभा राहून हातांनी दाखवतो. आपण फक्त ते हात बघायचे. बाबांसाठी हे काम जन्मभर आईने केलं. घरात तिचा एक शब्द न ऐकणारे बाबा खडकावर मात्र तिच्या बोटाच्या इशाऱ्यावर चालायचे. नियमही तिचाच. ‘ये’ एकानेच म्हणायचं, ‘थांब’ कुणीही म्हणावं, आणि म्हटलं की थांबायचं. ती गेल्यापासून बाबांनी स्टिअरिंगला हात लावला नव्हता.

परतताना धुकं उतरलं. बाबा चाक बघायला उतरले, ओल्या दगडावरून घसरले आणि पाय मोडून घेतला. हाड बाहेर आलं होतं, रक्त थांबत नव्हतं. पाय करकचून बांधला, त्यांना मागच्या सीटवर आडवं केलं. दवाखान्याकडे जायला एकच वाट होती, कमरेएवढ्या खडकाच्या पायरीवरून.

“चाक चढायला मी आधी पायरीशी दगड लावतो, मग पुढे येऊन दाखवतो. हात दिसले की ये,” नवरा म्हणाला आणि धुक्यात दिसेनासा झाला.

थोड्या वेळाने दिव्यांच्या उजेडात दोन हात दिसले. जरा डावीकडे... आता सरळ... ये. मला नवलच वाटलं. एरवी हा माशा हाकलल्यासारखे हात करतो. आज किती शांत, किती खात्रीचे! गाडी कुठे घासली नाही, कुठे घसरली नाही. मला त्याचं फार कौतुक वाटलं. पायरी मागे पडली, तरी हात मायेने बोलावतच होते. ये... ये...

“थांब,” मागून बाबा म्हणाले.

“बाबा, तो बोलावतोय. थोडंच राहिलंय...”

“थांब म्हणतो ना!”

मी ब्रेक दाबला. तेवढ्यात गाडीच्या मागून, धापा टाकत, नवऱ्याचा आवाज आला.

“अगं, निघालीस कशी? मी अजून दगडच गोळा करतोय!”

तो टॉर्च घेऊन पुढे आला आणि जागीच थिजला. वाट केव्हाच उजवीकडे वळली होती. बॉनेटच्या पुढे दरी होती. आणि दरीच्या वर, जिथे पाय ठेवायला काहीच नाही, तिथे ते हात अजून बोलावत होते.

बाबा कोपरावर उठले होते. त्यांचा इतका मऊ आवाज मी कधी ऐकला नव्हता.

“तिला मी हवाय गं... धुक्यात तू दिसली नसशील तिला.” मग काचेकडे बघत ते हळूच म्हणाले, “अगं, पोर चालवतेय... तिला घरी जाऊ दे. मी येतो... नंतर. एकटा.”

हात खाली गेले.

बाबा वाचले. प्लॅस्टरमधला पाय उशीवर ठेवून ते दिवसभर जावयाची टिंगल करत असतात. मी एकदा धीर करून विचारलं, “असं कसं कबूल केलंत तिला?”

“दुसरं काय म्हणणार होतो? तू होतीस ना गाडीत,” ते म्हणाले आणि चहा मागितला.

आईवर माझा जीव आहे, आजही आहे. पण बाबांना मी तिला इतक्यात देणार नाही. जीपची किल्ली मी उशाखाली घेऊन झोपते. जीप शेडमध्ये भिंतीकडे तोंड करून लावते. सकाळी ती दाराकडे तोंड करून उभी असते.

आज तिची ड्रायव्हरची सीट पार मागे सरकवलेली होती. प्लॅस्टरमधला पाय मावेल इतकी.