पळसाची चौथी फांदी

"कंदील बारीक कर गा, डोळ्यावर येऊन राहिला," भय्याजी पोरांना म्हणाले आणि सांगू लागले.

सेवकराम माझ्या बरोबरीचा. तुमसरच्या एका राइस मिलची जीप चालवायचा. रात्री जीप घरीच उभी असायची.

अठ्ठ्याहत्तर सालचा पोळा. त्याच्या दुसऱ्या दिवशीची रात्र, साडेअकराचा सुमार. सकाळीच गावानं मारबत काढली होती. दारोदारी रोवलेल्या पळसाच्या फांद्या, म्हणजे मेढे, उपटून 'रोगराई घेऊन जा गे मारबत' म्हणत शिवेबाहेर फेकल्या होत्या. तिथं टाकलेल्याला पुन्हा हात लावायचा नसतो, नाहीतर रोगराई मागोमाग घरी येते.

त्या रात्री त्याच्या बायकोला, धुरपताला, कळा सुरू झाल्या. पोर आडवं आहे, सुईण म्हणाली. भंडाऱ्याचा दवाखाना गाठणं भाग होतं. सेवकरामनं तिला जीपमध्ये मागं निजवलं. सोबत त्याची आई, गोदावरीबाई. म्हातारा बाप सोमाजी घरी एकटाच राहिला.

शिवेबाहेर जीप चिखलात फसली. फोर-व्हीलचा दांडा ओढला, तरी एक पुढचं आणि एक मागचं चाक जागीच फिरत होतं. जास्त रेस दिली असती तर आणखी खोल गेलं असतं. चाकाखाली काहीतरी घालायला हवं होतं. दिव्यांच्या उजेडात मेढ्यांचा ढीग दिसला.

"सेवक, त्याले हात नको लावू!"

"मंग हिले अशीच मरू देऊ काय, माय?"

त्यानं चार फांद्या घातल्या. हळूच क्लच सोडला. जीप निघाली.

पण जड. चांगल्या सडकेवरही जड... जणू मागं कोणी लोंबकळत होतं.

"माय, मागं कोण हाय?"

आई हळूच म्हणाली, "तू समोर पाह्य."

भंडाऱ्याच्या अलीकडं, नदीवरच्या कारध्याच्या पुलावर जीप एकाएकी हलकी झाली.

"पिऊन होता काय तो, भय्याजी?" एका पोरानं विचारलं.

"माळकरी होता बावा. चहासुद्धा फुंकून फुंकून प्यायचा."

पहाटे मुलगी झाली. दोघी सुखरूप. उजाडल्यावर सेवकराम एकटाच परत निघाला. शिवेवर उतरला. चिखलातल्या फांद्या मोजल्या.

तीन.

घरी सोमाजी ओट्यावर बसला होता.

"काहून गा, राती आला अन् बोलला नाही? किती आवाज देले मी!"

"मी? मी त भंडाऱ्याले होतो, बाबा."

"दारात उभा होता... अंधारात. धुरपता कशी हाय, इचारलं. तू गप्प."

म्हातारा बरळतोय, सेवकरामला वाटलं. नाहीतर कोणी टवाळानं मस्करी केली. पण रात्री गावात जागं कोण होतं?

"मंग?"

"मंग बाहीर काही रोवत होता."

"काय?"

सोमाजीनं बोट दाखवलं.

दोन दिवसांनी लेक याच दारातून घरात यायची होती.

चौकटीशी पळसाची फांदी रोवलेली. पानं चिखलानं माखलेली... आणि सालीवर, खालपासून वरपर्यंत, जीपच्या टायरची नक्षी.