बदलीचा माणूस

लष्कराच्या संदेश तुकडीच्या इतिहासाचं पुस्तक घरपोच आलं, आत लेखकाची शुभेच्छांसह सही. सकाळचा जप आटोपून मी ते उघडलं. दादाबद्दल एकच वाक्य होतं: ‘पुढच्या ठाण्यावरचा ऑपरेटर जागा सोडून निघून गेल्याने संपर्क तुटला.’

दादा माझा थोरला भाऊ. युद्धातून ना तो परत आला, ना त्याचं काही सामान. ‘पळपुट्याची आई’ हे ऐकत आई गेली. आता यांनी ते छापूनही ठेवलं.

लिहिणारे कर्नलसाहेब तेव्हा दादाचे अधिकारी होते. आता निवृत्त होऊन तुकडीचं छोटं संग्रहालय सांभाळतात. दुपारी मी तिथे गेले. आवाज चढवायचा नाही हा माझा नेम. पण अंगाचा नुसता तिळपापड होत होता.

खोलीला खिडकी नव्हती. टेबलावर त्या ठाण्यात मागाहून सापडलेला वायरलेस सेट होता. आतलं सगळं काढलेलं, वायर तुटलेली. शेजारी हेडफोन. समोर तिथलीच, दादाची लोखंडी खुर्ची, कुणी बसू नये म्हणून दोरी बांधलेली.

ते वाक्य काढा, म्हटलं. साहेब हसले आणि पुरावा मागू लागले. मी सांगितलं, दादा सुट्टीवर आला की म्हणायचा, बदलीचा माणूस येऊन हेडफोन आपल्या कानाला लावत नाही तोवर उठायचं नाही. मेलं तरी नाही. आणि तो माणूस पाठवायचा होता तुम्ही.

“जुनं उकरून काय मिळणार, बाई?”

मी टेबलाचा आधार घेतला. हात हेडफोनवर पडला.

तो गरम होता. कानाजवळचं चामडं घामानं ओलं होतं.

“हात लावून बघा,” मी म्हणाले.

दिव्यानं तापला असेल म्हणत त्यांनी बोट टेकवलं आणि झटकन मागे घेतलं. मग मला खोटं पाडायच्या हट्टानं दोरी सोडली, खुर्चीत बसले, हेडफोन कानाला लावला.

माझ्या अगदी जवळ कुणीतरी लांब श्वास सोडला.

साहेबांचा चेहरा उतरत गेला.

“ऐकू येतंय?”

त्यांनी मान डोलावली. मग पुटपुटले, “वाक्य काढतो, ताई. आजच काढतो. आधी माझ्या जागी कुणाला तरी पाठवा.”

“तुम्हीच लिहिलंत ना साहेब, इथून माणूस निघून जातो म्हणून,” मी हळूच म्हणाले. “मग उठा की.”

त्यांनी टेबलावर दोन्ही हात रोवून जोर दिला. नखं पांढरी पडली.

खुर्ची करकरलीसुद्धा नाही.